एकोणतिसाव्या आठवड्याचा कागद

१

मंगळवारी सकाळी लाँगटनमध्ये एक कागद नाहीसा झाल्याची वर्दी आली, आणि ती घ्यायला गावात आर्नल्ड ब्रफशिवाय कुणी नव्हतं. बाकीचं गाव समुद्रावर गेलं होतं. जून संपत आला की तिथले कपबशांचे कारखाने एकदम भट्ट्या विझवतात, आणि वर्षभर ज्यांची तोंडं बघून कंटाळा आला त्यांचीच तोंडं बघायला सगळे पंधरा दिवस एकाच किनाऱ्यावर जाऊन बसतात. याला सुट्टी म्हणतात.

आर्नल्ड कुठं गेला नव्हता. तीस वर्षं त्यानं सरकारी भत्त्याच्या कार्यालयात बसून लोकांचे अर्ज परत पाठवले होते. निवृत्त झाल्यापासून चॅपलच्या मागच्या खोलीत टेबल टाकून तो तेच अर्ज लोकांना फुकट भरून देत असे. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. त्याला अर्जांशिवाय करमत नसे, इतकंच.

समोर डोरीन मेचिन बसली होती. एकतीस वर्षं ती कारखान्यात कपांना कान लावत आली होती. गेल्या हिवाळ्यात मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि उजव्या हाताची बोटं जी बधिर झाली ती अजून जागी व्हायची होती.

"बोला डोरीनबाई. काय गेलं?"

"कागद गेला, ब्रफसाहेब. आणि त्याच्या पाठोपाठ हात जायचा."

"नीट सांगा."

"अठ्ठावीस आठवडे कारखान्यानं आजारपणाचा पगार दिला. गेल्या शुक्रवारी तो संपला. आता सरकारी आजारभत्ता मागायचा. तर ते म्हणतात, पगार संपल्याचा मालकाच्या सहीचा फॉर्म आणा. तो कारखान्यानं मला द्यायचा. तो मला मिळालाच नाही."

"आयव्ही सॉल्टला विचारलंत? पगाराचं सगळं तीच बघते ना?"

"छे! आयव्हीला कसं विचारू? तिला वाटायचं मी संशय घेतेय. एकोणीस वर्षांची मैत्रीण आहे ती. शनिवारी येऊन तासभर बसली, पण फॉर्मचं नाव नाही काढलं तिनं. मग मीही नाही काढलं."

आर्नल्डला यात काही वावगं वाटलं नाही. तोही लाँगटनचाच.

"आणि नाहीच मिळाला तर?"

"तर सुट्टी संपली की सोमवारी कामावर हजर व्हायचं. घरात दुसरं काय येतंय?"

"सर्जन काय म्हणाला होता?"

"म्हणाला, आणखी सहा महिने तरी मान वाकवून काम करू नका. केलंत तर उजवा हात कायमचा विसरा."

हे तिनं बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. आर्नल्डनं संमतीपत्र पुढं सरकवलं. पेन तिच्या बोटांतून एकदा पडलं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा टेबलाखाली गेलं. शेवटी तिनं डाव्या हातानं सही केली. कोंबडी चिखलातून चालत गेल्यावर साधारण तसंच दिसतं.

जाताना तिनं पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढला. झाकणावर बर्फातून चाललेली घोडागाडी होती. भोवती जाड दोरा, वर घट्ट गाठ.

"तुमच्यासाठी. मनुकांचा केक. मीच केलाय."

"अहो, कशाला एवढा त्रास!" आर्नल्ड म्हणाला. त्याला आठ वर्षं मधुमेह होता. हे तो कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं की माणसं ओशाळतात. त्यानं डबा उचलून कपाटावर ठेवला. तिथं मुरंब्याच्या दोन बाटल्या आणि गरम पाण्याच्या पिशवीचा विणलेला झगा आधीपासून होता. डब्याच्या तळाला काहीतरी चिकट लागलं. त्यानं बोट रुमालाला पुसलं आणि विसरून गेला.

पुसायला हरकत नव्हती. विसरायला नको होतं.

२

मेचिनांच्या घरी दार उघडलं ते डोरीनच्या नवऱ्यानं, लेननं. चाळीस वर्षं बस चालवून दीड वर्षापूर्वी तो घरी बसला होता, आणि अजूनही खुर्चीत बसताना आधी उजवीकडे आरशात पाहिल्यासारखं करायचा.

"लेन, टपाल कोण घेतं घरात?"

"मी."

"तपकिरी पाकिटं आली तर?"

लेनची नजर शेकोटीवरच्या घड्याळाकडे गेली. डोरीनच्या ते लक्षात आलं.

"लेन मेचिन! घड्याळामागं काय आहे?"

"काही नाही गं. जरा... वाट बघताहेत ती."

"कशाची?"

"मूड चांगला व्हायची! तपकिरी पाकिटात आजवर चांगली बातमी आलीय का कधी? तू आजारी. म्हटलं, बरी झालीस की एकदम वाच."

घड्याळामागून अकरा पाकिटं निघाली. तेवढ्यासाठीच घड्याळ पुढं झुकल्यासारखं दिसत होतं. आर्नल्ड एकेक फोडत गेला. पाणीपट्टी. टीव्हीचा परवाना. दातांच्या डॉक्टरची आठवण, आणि त्या आठवणीची आठवण.

"मी रिटायर झाल्यापासून या घरात कशाचीच विल्हेवाट लागत नाही," लेन खालच्या आवाजात म्हणाला. "आधी मी सगळं डेपोत न्यायचो."

"पाकिटं?"

"पाकिटं नाही हो. इतर." बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो घड्याळ मागं सरकवायला लागला.

अकराव्या पाकिटापर्यंत मालकाचा फॉर्म सापडला नाही. अकराव्यात भत्ता कार्यालयाचं पत्र होतं. आर्नल्डनं ते दोनदा वाचलं. असली पत्रं त्यानं स्वतः लिहिलेली होती, त्यामुळे त्यात दयामाया कुठं दडवलेली नसते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"काय म्हणतात?" डोरीननं विचारलं.

"फॉर्म या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत काउंटरवर पोहोचला पाहिजे. नाहीतर अर्ज बंद. मग पुन्हा पहिल्यापासून."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवार होता, आणि कारखाना आणखी बारा दिवस उघडणार नव्हता.

३

मुकादम क्लिफर्ड बोर्न सुट्टीला गेला नव्हता, कारण त्याचे कांदे. ऑगस्टमधल्या प्रदर्शनात कांद्याचं बक्षीस सलग सात वर्षं त्याच्याकडे होतं, आणि कांद्यांना एकटं सोडायला त्याचा जीव होत नसे. माणसांच्या बाबतीत तो इतका हळवा नव्हता.

"बरी आहे ती," वाफ्यातून मान वर न करता तो म्हणाला. "मी पाहिलंय तिला बाजारात. पिशवी घेऊन चालली होती."

"कुठल्या हातात?"

"हात कोण बघतं? पिशवी होती."

"तिच्या जागी तुमच्या मेव्हणीला घ्यायचंय म्हणतात."

"मग? कपाला कान नको?" क्लिफर्ड उठून उभा राहिला. "ब्रफ, तोंडावर सांगतो. ती गेली तर मला रडू येणार नाही. पण फॉर्म मी नाही लपवला. शुक्रवारी शेवटचा भोंगा व्हायच्या आधी मालकानं माझ्यादेखत सही केली. पाच आठवड्यांपूर्वीच द्यायचा होता म्हणे, पण आमचा मालक सगळ्या सह्या सुट्टीच्या आदल्या तासात करतो."

"दुसरा फॉर्म काढता येईल? किल्ल्या तुमच्याकडे असतील."

"किल्ल्या आहेत. मालकाची सही कुठून आणू? तो तिकडे वेल्समध्ये अनवाणी पायांनी आइसक्रीम खातोय. हॉटेलचं नाव कुणाला सांगत नाही, आम्ही फोन करू म्हणून."

"मग सही झालेला फॉर्म गेला कुठं?"

"आयव्हीनं पाकिटात घातला. टपालाच्या वहीत लिहिलं, 'समक्ष'. मी म्हटलं, बाई, पोस्टानं पाठव की, तिकीट कारखान्याचं आहे. तर म्हणते, असली बातमी पोस्टानं पाठवायची नसते. पाकीट पिशवीत टाकलं आणि गेली." त्यानं एका कांद्याची पात सरळ केली. "आता पिशवी तिची, मैत्रीण तिची. माझ्या कांद्यांना कशाला त्रास देताय?"

आर्नल्ड फाटकापर्यंत गेला आणि थबकला. कारखान्यातून फॉर्म निघाला होता. डोरीनच्या दारापर्यंत गेलाही होता. मधे एकच बाई होती, आणि ती डोरीनकडे तासभर चहा पीत बसली होती.

४

बुधवारी दुपारी आयव्ही सॉल्टनं त्याला स्वयंपाकघरात बसवलं. बाई नीटनेटकी. चमचेसुद्धा एका दिशेला तोंड करून ठेवलेले. फळीवर पत्र्याचे तीन डबे ओळीनं मांडले होते. एकावर फुललेली सफरचंदाची बाग, दुसऱ्यावर गवताच्या गंजी, तिसऱ्यावर पानगळ. पुढं एक जागा रिकामी होती.

"केक घ्या थोडा. मनुकांचा आहे."

आर्नल्डनं थोडा घेतला. आयव्ही किटलीकडे वळली, आणि ती पुन्हा इकडे वळेपर्यंत केक त्याच्या कोटाच्या खिशात गेला होता.

"वा! संपवलात पण!"

"आयव्हीबाई, डोरीनचा फॉर्म."

"दिला तिला. शनिवारी."

"हातात?"

आयव्हीनं चहादाणीवरची लोकरीची टोपी सरळ केली. ती आधीच सरळ होती. "तिच्या हातात पडेल असाच दिला."

"ती म्हणते, मिळाला नाही."

आयव्हीचा चेहरा तिच्या बशांइतका पांढरा झाला. "असं म्हणाली ती?"

"शपथेवर."

"शक्यच नाही. रविवारी तिचाच फोन आला होता. म्हणाली, आयव्ही, केक इतका झकास, एक चुरासुद्धा उरला नाही. म्हणजे तिनं नक्की..." ती थांबली. मग तिनं त्याच्या पुढ्यातली रिकामी बशी उचलली, एकच बशी पुष्कळ वेळ धुतली, आणि पाठमोरीच बोलली, "म्हणजे ती रागावलीय माझ्यावर. तिला म्हणावं, रागव. पण मिळालाच नाही असं गावभर सांगू नकोस."

"बाई, फॉर्म नक्की कुठं ठेवला होता?"

"सांगितलं ना, दिला. आता तुम्ही या."

तिनं उशीर झाल्यासारखे डबे आवरायला घेतले. पानगळीचा डबा उपडा झाला तेव्हा त्याच्या तळाची पांढरी चिकटपट्टी आर्नल्डला दिसली. तिच्यावर शाईनं लिहिलं होतं : सॉल्ट. लाँगटनमध्ये डबा उसना जातो, पण नाव लावून जातो.

त्याचं बोट आपोआप अंगठ्यावर घासलं गेलं. कशासाठी, ते त्याला काही आठवेना.

५

गुरुवारी सकाळी चॅपलच्या खोलीत आर्नल्ड चीज घातलेली ओटची धिरडी खात विचार करत होता. दिला म्हणणारी खोटी वाटत नव्हती, आणि मिळाला नाही म्हणणारीही खोटी वाटत नव्हती. कार्यालयात असता तर त्यानं दोघींचे अर्ज फेटाळून जेवायला सुट्टी केली असती.

समोर डोरीनचं संमतीपत्र पडलं होतं. त्यावरची ती डाव्या हाताची सही. तो ती बघत राहिला. ज्या हातात पेन टिकत नाही, तो हात... त्यानं घास तसाच ठेवला आणि सावकाश मान वर केली. कपाटावरून बर्फातली घोडागाडी त्याच्याकडे बघत होती.

त्यानं दोरा सोडला नाही. डब्याला हातही लावला नाही. चौघांना निरोप धाडले.

दहा वाजता डोरीन, लेन, आयव्ही आणि हाताला माती लागलेला क्लिफर्ड चार खुर्च्यांवर बसले. मैत्रिणी दोन टोकांना. आर्नल्डला घाम फुटला होता. तीस वर्षांत त्यानं हजारो लोकांना 'नाही' कळवलं होतं, पण टपालानं. तोंडावर कधी नाही.

"डोरीनबाई, मंगळवारी तुम्ही मला काहीतरी दिलंत. कोणी केलं होतं ते?"

"ते... मी," डोरीन म्हणाली, आणि आयव्हीकडे बघायचं तिनं टाळलं.

"तुम्हाला स्वतःचं नाव लिहिता आलं नाही. मनुकांच्या केकचं पीठ अर्धा तास लाकडी चमच्यानं घोटावं लागतं. तो घट्ट दोरा कोणी बांधला?"

"डाव्या हातानं..."

"डोरीनबाई, या खोलीबाहेर असं म्हणू नका हो. केक घोटणाऱ्या बाईला आजारभत्ता देत नाहीत. मी तिथं बसत होतो, मला माहीत आहे. अशा दोन बायकांचे मीच बंद केलेत."

लेन खुर्चीत चुळबुळला. "सांगून टाक गं."

"आणि लेन, तुम्ही डेपोत काय न्यायचात?"

लेननं बायकोकडे पाहिलं, मग छताकडे. "केक. वर्षाला चार. पोरं खायची नाहीत, पण बस घरंगळू नये म्हणून चाकाखाली लावायला..."

"लेन!"

आर्नल्डनं कपाटावरचा डबा उचलून टेबलावर ठेवला. आयव्ही उभीच राहिली. "हा माझा हिवाळा!"

"तुमचाच. तळाची पट्टी कुणीतरी काढलीय, चिकटा तेवढा राहिलाय. आयव्हीबाई, तुम्ही म्हणालात, तिच्या हातात पडेल असा दिला. हातात दिला असं नाही म्हणालात. जिला पोस्टानं सांगवत नाही, तिला तोंडानं तरी कुठून सांगवणार?"

"तू म्हणालीस एक चुरा उरला नाही!" आयव्ही डोरीनकडे वळली.

"नव्हताच उरला," डोरीन रडवेल्या आवाजात म्हणाली. "घरात."

क्लिफर्डनं खिशातला कांदे कापायचा चाकू काढून दोरा कापला. झाकण उघडलं. केक अखंड होता, काळाकुट्ट, भट्टीत राहिलेल्या विटेसारखा. आर्नल्डनं तो बटर पेपरसकट उचलला. खाली पाकीट होतं. पाकिटात मालकाच्या सहीचा फॉर्म, आणि त्याला टाचलेली चिठ्ठी. ती त्यानं न वाचता डोरीनकडे दिली. डोरीननं डाव्या हातात धरून वाचली, आणि मग पुन्हा मोठ्यानं :

"'डोरीन, पगार संपला हे मला तोंडानं सांगवत नाही. केक खाता खाता वाच, म्हणजे जरा सोसेल. आयव्ही.'"

क्लिफर्डनं तेवढ्यात स्वतःसाठी केकचा तुकडा कापला, चावला, आणि चावणं थांबवलं.

"अगं, मग एकोणीस वर्षं आवडतो आवडतो का म्हणत आलीस?" आयव्हीनं विचारलं.

"पहिल्या नाताळला तू एवढ्या हौसेनं आणलास! नाही कसं म्हणू? मग दर तीन महिन्यांनी आणायला लागलीस. आता तू तरी खा बाई एक तुकडा. तू इतक्या प्रेमानं..."

"मी नाही खात," आयव्ही म्हणाली. "मला मनुका आवडत नाहीत. मी तुझ्यासाठीच करत होते."

क्लिफर्डनं तोंडातला घास रुमालात काढून ठेवला आणि पहिल्यांदाच डोरीनच्या उजव्या हाताकडे नीट पाहिलं. तो हात टेबलावर होता तसाच पडून होता. तिनं त्याखाली ठेवलेली चिठ्ठी निसटत होती, आणि बोटांना ते कळत नव्हतं. "मेव्हणीला सांगतो," तो पुटपुटला, "दुसरीकडे बघ म्हणून."

६

शुक्रवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी डोरीन आणि आयव्ही काउंटरवर उभ्या होत्या. आर्नल्ड एक पाऊल मागं. काचेपलीकडे एक तरुण अधिकारी बाई होती. तिनं फॉर्म घेतला, तारीख पाहिली, सही पाहिली, शिक्का उचलला, आणि शिक्का हवेतच ठेवून फॉर्म नाकाजवळ नेला.

"हा डाग कसला?"

"केकचा," डोरीन म्हणाली.

"अरे वा. घरचा का?"

हा प्रश्न गप्पांचा नव्हता. नव्या लोकांना शिकवायला आर्नल्डनंच तो पंधरा वर्षांपूर्वी लिहून दिला होता : अर्जदाराला सहज बोलतं करावं, घरकाम, बाग, स्वयंपाक वगैरे. त्या काळी त्याला त्याचा अभिमान वाटला होता.

"हो ना, घरचाच," डोरीन म्हणाली.

"छान! कोणी केला?"

डोरीननं तोंड उघडलं. समोरच्या माणसाला बरं वाटेल ते बोलायची तिला जन्माची सवय, आणि समोरची मुलगी किती गोड हसत होती. आर्नल्डनं डोळे मिटले.

"मी केला," आयव्ही सॉल्ट तिला बाजूला सारून काचेशी आली. "ही कशी करणार? हिला चमचा धरवत नाही. मी केला, आणि वाईट झाला होता. एकोणीस वर्षं वाईटच होतोय. विचारा हिला!"

अधिकारी बाईनं डोरीनकडे पाहिलं.

डोरीन लालबुंद झाली. बधिर हात तिनं डाव्या हातानं घट्ट धरला. मग तिनं श्वास घेतला.

"भयंकर असतो," ती म्हणाली.

शिक्का पडला.